सबमीटरची वही

२०२१ च्या दसऱ्याला विजेवर चालणारी गाडी घरी आणायची असे ठरले, तेव्हा गाडीच्या आधी मी विकत घेतलेली वस्तू म्हणजे गाडीची वीज वेगळी मोजणारा एक साधा सबमीटर होता. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम करते, त्यामुळे गाडीची वीज घरच्या विजेत मिसळून जावी आणि महिन्याअखेरी नुसता अंदाज बांधत बसावे, हे मला पटणारे नव्हते. त्या मीटरचे आकडे मी चार वर्षे एका २०० पानी वहीत लिहिले. गाडी बदलून घेण्याची वेळ आली तेव्हा त्या वहीने माझी बाजू कशी मांडली, हे सविस्तर सांगावे म्हणून हे लिहिते आहे.

खरेदीचा भाग थोडक्यात आटोपते. गुजरात सरकारचे विद्युत वाहन धोरण त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झाले होते. कारखान्यातून निघतानाची किंमत १५ लाखांपर्यंत असलेल्या चारचाकीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १०,००० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये अनुदान त्यात होते. विद्युत वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी मोटारींसाठी असे काही नव्हते, मात्र जीएसटी ऑगस्ट २०१९ पासूनच ५ टक्क्यांवर आलेला होता. आमच्या गाडीची बॅटरी ३० किलोवॅट-तासांची असल्यामुळे पूर्ण दीड लाख मिळाले आणि काही महिन्यांनी ते थेट बँकेत जमा झाले. कर्जावरच्या व्याजाला आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट होती, तीही मी घेतली. मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती सवलत राहिलेली नाही.

खरे काम पार्किंगमध्ये होते. आमचे मूळ घर दांडिया बाजारातले, पण वाडा विकल्यापासून आम्ही अकोट्याला एका जुन्या सोसायटीत राहतो. मीटरच्या खोलीपासून आमच्या पार्किंगच्या जागेपर्यंत अंतर २८ मीटर निघाले. चारचाकीसोबत मिळणारा १५ अँपियरच्या सॉकेटवरचा चार्जर साधारण ३.३ किलोवॅट वीज ओढतो आणि तीही सलग आठ-नऊ तास. गीझर तेवढीच वीज खातो खरा, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो, तर इथे रात्रभर वायर तापत राहणार. इलेक्ट्रिशियनने म्हणूनच ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, भार वाढताच बंद होणारा वेगळा एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि चांगल्या प्रतीचे औद्योगिक सॉकेट यांचा आग्रह धरला. त्या कामात मी एक रुपयाही वाचवला नाही आणि तसे केले याचे मला आजही समाधान आहे.

सोसायटीच्या कमिटीने आधी नकार दिला. एका काकांना आगीची धास्ती होती आणि दुसऱ्यांचे म्हणणे होते, "वहिनी, आज तुम्ही, उद्या दहा जण, मग सगळ्यांची लाइट जाईल." ही धास्ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. दहा जणांनी एकाच वेळी चार्जिंग लावले तर इमारतीच्या मंजूर भाराचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. मी माझ्या घरच्या मीटरवरून, माझ्या खर्चाने आणि रात्री ११ नंतरच चार्जिंग करीन, असे लिहून दिले. घरमालकाने आपल्या असलेल्या जोडणीवरून वाहन चार्ज करण्याला हरकत नाही, असे ऊर्जा मंत्रालयाने पुढे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्टच केले, आणि २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची वाटही मोकळी केली. त्या दसऱ्याला मात्र माझ्या हातात केवळ विनंती होती.

कमिटीचे मन वळले ते एका अडचणीमुळे. गाडी आली त्या पहिल्या रात्री प्लग लावताच चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झाले नाही. इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजला तर तो ११ व्होल्ट भरला, जो २-३ व्होल्टच्या आत असायला हवा. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटली होती, म्हणजेच गेली कित्येक वर्षे सगळ्या घरांचे अर्थिंग नावापुरतेच होते. तळमजल्यावरच्या मावशींना वॉशिंग मशीनचा बारीक शॉक बसत असे, त्याचा उलगडा तेव्हा झाला. सोसायटीने नवे अर्थिंग करून घेतले, निम्मा खर्च मी दिला आणि गाडीच्या चार्जिंगला त्यानंतर कोणी आडकाठी केली नाही. चार्जरने चार्जिंग नाकारले ते त्याच्यातल्या सुरक्षेच्या तपासणीमुळे. अशा वेळी वेगळ्या खटपटीने तो लाल दिवा चुकवण्याचे उपाय सुचवणारेही भेटतात. त्यांचे कोणी ऐकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वहीतली पहिली नोंद २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतच्या चार्जिंगची आहे आणि तिच्यापुढे २७.१ युनिट असा आकडा आहे. ३० किलोवॅट-तासांचे ८० टक्के म्हणजे २४ किलोवॅट-तास, अर्थात २४ युनिट होतात, मग उरलेले ३ युनिट कुठे गेले, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. भिंतीतली सतत दिशा बदलणारी एसी वीज बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीमध्ये बदलताना आणि गाडीतली यंत्रणा जागी ठेवताना दहा-बारा टक्के वीज उष्णता होऊन जाते, ती ही तूट होती. तेव्हापासून खर्च काढताना मी गाडीच्या पडद्यावरचा नव्हे, मीटरवरचाच आकडा धरत आले. चार वर्षांत ५४,००० किलोमीटर झाले. घरी सुमारे ७,४०० युनिट लागले, ज्यांचा इंधन अधिभारासकट सरासरी दर साडेसात रुपयांच्या आसपास पडला, आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरवर सुमारे ९०० युनिट लागले, ज्यांना युनिटला २० रुपयांच्या आगेमागे मोजावे लागले. एकूण खर्च ७४,००० रुपयांच्या आत राहिला. आधीची पेट्रोलची गाडी शहरात लिटरला १४ किलोमीटर देत असे, त्या हिशेबाने पेट्रोलचे साडेतीन लाखांहून अधिक गेले असते.

जलद चार्जरवरच्या त्या ९०० युनिटांपैकी बहुतेक सुरतच्या रस्त्यावरचे आहेत. मुलगी तिथे शिकत होती आणि महिन्या-दीड महिन्याने आमची एक फेरी होई. सुरत बडोद्यापासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. कागदावर ३०० च्या पुढची रेंज सांगणारी ही गाडी महामार्गावर १८०-१९० किलोमीटर देई, आणि ताशी १०० च्या वेगाने एसी लावून नेली तर त्याहूनही कमी. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे शाळेत शिकलो होतो, पण त्याचा अर्थ मला भरूचच्या वाटेवर टक्क्यांत दिसला. घरून १०० टक्क्यांवर निघायचे, भरूचला ५५-५७ टक्के उरलेले असताना वीस-पंचवीस मिनिटे थांबून ८० च्या पुढे न्यायचे आणि नर्मदा ओलांडायची, असा आमचा क्रम बसला होता. ८० नंतर चार्जरचा वेग पडतो, म्हणून त्यापुढे थांबण्यात अर्थ नसतो.

२०२३ च्या मे महिन्यात एकदा भरूचला चार्जरच्या दोन गनपैकी (गाडीला लावायच्या प्लगपैकी) एक बंद होती आणि दुसरीवर लागलेल्या टॅक्सीमागे आणखी दोघे उभे होते. ॲपमध्ये मात्र दोन्ही गन चालू दिसत होत्या. पती म्हणाले, "थांबायला नको, सावकाश जाऊ." एसी बंद करून, खिडक्या उघडून, ताशी ६० च्या आत गाडी चालवत आम्ही उन्हात सुरत गाठली, तेव्हा २२ टक्के शिल्लक होते. सासूबाई मागच्या सीटवर होत्या आणि त्यांना झालेला त्रास मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून मी नियम केला की ज्या चार्जरवर थांबायचे आहे त्याच्या पुढचाही एक चार्जर गाठता येईल इतकी वीज हातात ठेवूनच निघायचे. उलट पावागडच्या फेऱ्या आनंदाच्या असत. डोंगरावरच्या माचीपर्यंत चढताना आठ टक्के खर्च झाले तरी उतरताना ब्रेकऐवजी मोटरच गाडीला धरून ठेवते आणि दोन-तीन टक्के परत मिळतात. ५४,००० किलोमीटरनंतरही ब्रेकचे मूळ पॅड शाबूत होते, त्यामागे हेच कारण आहे.

बॅटरीला बडोद्याचा उन्हाळा मानवत नाही. लिथियमची बॅटरी वापराने झिजते तशी नुसती ठेवूनही झिजते, आणि पूर्ण भरलेली असताना उष्णतेत राहिली तर ती झीज वेगाने होते. म्हणून एप्रिल ते जून मी रोज ७०-८० टक्क्यांवरच थांबत असे आणि महिन्यातून एकदा सावकाश १०० पर्यंत नेत असे, कारण सगळे सेल एका पातळीवर येण्यासाठी आणि पडद्यावरचा टक्का खरा राहण्यासाठी तेही आवश्यक असते. कारखान्यात कडुलिंबाखालची जागा मिळावी म्हणून मी वीस मिनिटे लवकर निघत असे.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकरांना सांगायला नको. विश्वामित्री चढत असल्याच्या बातम्या २६ तारखेला संध्याकाळी येऊ लागल्या, तेव्हा आम्ही गाडी उंचावरच्या एका परिचितांच्या अंगणात नेऊन ठेवली. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: "गाडी हलवली, ७१ टक्के." दुसऱ्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये कमरेइतके पाणी होते आणि शेजारच्या तीन गाड्या त्यात गेल्या. अनेकांना वाटते की आयपी६७ असे धूळ-पाण्यापासून बचावाचे मानक लिहिलेली बॅटरी पुरातही सुरक्षित असते. त्या मानकाची चाचणी एक मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते. दोन दिवस गाळाच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल ते मानक काहीच सांगत नाही. पाणी ओसरल्यावर सॉकेट पाच फुटांवर असल्यामुळे वाचलेले दिसत होते, तरीही वायरचे इन्सुलेशन मेगर या उपकरणाने तपासून घेईपर्यंत मी एमसीबी वर केला नाही.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर आम्ही गाडी बदलायचे ठरवले. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली होती आणि तिथवरच्या प्रवासाला मोठी बॅटरी हवी होती. आमच्या शहराशेजारच्या हालोलमध्ये एमजीच्या विजेवरच्या गाड्या तयार होतात. त्यांच्यापैकी काहींची बॅटरी भाड्याने घेऊन प्रत्येक किलोमीटरमागे पैसे भरण्याची सोय आहे, तीही मी पाहिली. वर्षाला १३-१४ हजार किलोमीटर धावणाऱ्या आमच्या घराला बॅटरीसकट गाडी घेणेच परवडत होते. पण त्याआधी जुन्या गाडीची किंमत ठरायला हवी होती.

पहिल्या शोरूममध्ये जुन्या गाड्यांचे मोल ठरवणाऱ्या गृहस्थांनी रंगाची जाडी मोजली, टायर पाहिले, किलोमीटर वाचले आणि विचारले, "बेन, गेल्या वर्षी पुरात गाडी कुठे होती?" पुरानंतर बडोद्यात हा प्रश्न प्रत्येक जुन्या गाडीला विचारला जातो आणि तो रास्त आहे. मी वहीतली २६ ऑगस्टची नोंद, सप्टेंबरच्या सर्व्हिसिंगचा कागद आणि एकही दावा न झालेली विमा पॉलिसी दाखवली. बॅटरीविषयी मात्र त्यांनी काहीही विचारले नाही आणि ४ लाख ७५ हजार हा आकडा सांगितला. कारणे अशी दिली की विजेवरच्या जुन्या गाडीची बॅटरी कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळले आहे. दुसरे कारण खरे होते. पहिले मला मान्य नव्हते, कारण ज्या एका वस्तूवर या गाडीची सगळी किंमत उभी आहे, ती न तपासताच तिच्यावर अविश्वास दाखवला जात होता.

सर्व्हिस सेंटरला मी बॅटरीच्या आरोग्याचा लेखी दाखला मागितला. "गाडी एकदम ठीक आहे, ताई," एवढेच उत्तर मिळाले, टक्का लिहून द्यायला कोणी तयार नव्हते. तेव्हा मी वही उघडली. २० ते १०० टक्क्यांची पूर्ण, सावकाश चार्जिंगे मी वेगळी काढली आणि हवामानाचा फरक पडू नये म्हणून फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या नोंदी घेतल्या. २०२१ मध्ये लागलेले २७.१ युनिट पुढे वर्षागणिक थोडे थोडे कमी होत २०२५ मध्ये २५ वर आले होते. म्हणजे बॅटरीची क्षमता मुळाच्या ९२ टक्के उरली होती. नंतर एका स्वतंत्र तंत्रज्ञाकडे गाडी नेली, त्याने गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या ओबीडी पोर्टला स्कॅनर जोडून सेलचे दाब आणि आरोग्याचा आकडा वाचला आणि छापील कागद दिला. त्यावर ९१ टक्के होते. पार्किंगमधल्या सबमीटरने आणि गाडीच्या स्वतःच्या संगणकाने एकच गोष्ट सांगावी, याचा मला झालेला आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही.

हा कागद, वहीच्या पानांची झेरॉक्स आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरच्या बॅटरी हमीची अट एकत्र लावून मी दुसऱ्या शोरूममध्ये गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी अर्धा तास बसून सगळे वाचले. हमीची जवळपास चार वर्षे शिल्लक आहेत आणि ती पुढच्या मालकाच्या नावे होते, हे त्यांनी कंपनीकडून पडताळून घेतले. अलीकडे काही कंपन्या आजीवन हमी देतात, पण ती पहिल्या मालकापुरती असते. त्यामुळे नवी गाडी घेताना मीही दुसऱ्या मालकाला काय मिळणार हे आधी वाचले. अखेर ५ लाख ८५ हजार किंमत आणि जुनी देऊन नवी गाडी घेण्याबद्दल ५० हजार एक्स्चेंज बोनस असे ठरले. हे दोन आकडे कोटेशनवर वेगवेगळे लिहून घेणे आवश्यक असते, कारण बोनस किमतीतच मिसळून सांगितला की गाडीला किती मिळाले ते कळत नाही.

एका परिचितांनी थेट खरेदीसाठी ६ लाख ४० हजार देऊ केले होते. व्यापाऱ्याला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. विजेवरच्या गाड्यांसाठी तो डिसेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेच्या निर्णयाने १२ वरून १८ झाला. दोन व्यक्तींमधल्या व्यवहाराला तो नाही, म्हणून थेट विक्रीत भाव सहसा जास्त निघतो. पण पाच हजारांच्या फरकासाठी कर्जाचा बोजा उतरवणे, आरटीओच्या फेऱ्या आणि ओळखीतल्या व्यवहाराचे दडपण अंगावर घ्यावेसे मला वाटले नाही.

गाडी देण्याच्या दिवशी मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि बँकेच्या ना-हरकत पत्रासह कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ दिला. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून घेतली, कारण त्यानंतरचा दंड आपल्या नावावर येता कामा नये. नो क्लेम बोनसचे पत्र विमा कंपनीकडून आधीच घेतले होते, ते नव्या गाडीला लागले. फास्टॅग बंद केला. गाडीच्या पडद्यातले घराचे पत्ते आणि फोन पुसले आणि मोबाइलवरच्या ॲपमधून गाडीचे नाव काढले. हे शेवटचे काम राहून गेले तर जुना मालक नव्या मालकाची गाडी घरबसल्या पाहू शकतो. चार्जरची डबी गाडीबरोबर दिली. भिंतीवरचे सॉकेट आणि सबमीटर राहिले. आरसीवर नवे नाव चढायला १९ दिवस लागले आणि तोवर मी रोज सकाळी ऑनलाइन पाहत होते.

गाडी आणंदच्या एका शिक्षकांनी घेतली. वहीची झेरॉक्स शोरूमने त्यांना दिली होती आणि त्यावरचा माझा नंबर पाहून त्यांनी एकदा फोन केला. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, आम्ही तीन आठवडे गावी जातो, तेव्हा गाडी किती टक्क्यांवर ठेवून जाऊ, असे त्यांनी विचारले. पन्नास-साठ टक्क्यांवर, सावलीत आणि प्लग काढून ठेवा, असे मी सांगितले. बारा व्होल्टची लहान बॅटरी जुनी झाली असेल तर जाण्याआधी तपासून घ्या, कारण ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, हेही त्यांना लिहून घ्यायला लावले.